बक्षीसपत्रात अट लिहून घ्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आईवडिलांनी राहते घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये लागते, अधिभार असेल तो वेगळा. सवलत चांगलीच आहे. पण तिच्यापायी सत्तरी गाठलेला माणूस मृत्युपत्राच्या भानगडीत पडत नाही. "मागून भांडणं नकोत, आताच मोकळे होऊ" म्हणतो, आणि मुलगा पुण्याहून सुटी काढून आला की दोघे रजिस्ट्रीला हजर. दुय्यम निबंधक कार्यालयात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. त्या काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेले लिहितो आहे.

बाहेर टंकणाऱ्याकडे मसुदा तयार असतो. नाव, वय, आखीव पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) तपशील, चतुःसीमा एवढे बदलायचे. 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी, कोणताही मोबदला न घेता' हे वर, आणि खाली 'सदर मिळकतीवर आजपासून माझा कोणत्याही प्रकारचा हक्क राहिलेला नाही'. हे खालचे वाक्य सहसा कोणी वाचत नाही. कोणी बोट ठेवलेच तर "असंच लिहावं लागते काका" असे उत्तर मिळते. मग फोटो, अंगठा, सह्या, झाले. निबंधकाला दोष देऊ नये. ओळख पटवून कबुली घेणे एवढेच त्याचे काम, घर कशाला देता हे विचारणे नव्हे.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे. देखभाल करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलाने ती केली नाही, तर उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द करून मिळते. मेख आहे ती अटीत. दस्तात अट नाही आणि ती होती हे सिद्धही होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयात 2022 साली एका आईची बाजू पडली. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातील एका आईला घर परत मिळाले, पण तिच्याकडे मुलाने सांभाळण्याचे लिहून दिलेले वचनपत्र होते.

म्हणून दस्तात एवढे तरी घालून घ्यावे : 'माझ्या व पत्नीच्या हयातीपर्यंत आम्हास या घरात राहण्याचा हक्क राहील, घर घेणारा आमचे जेवणखाण, औषधपाणी व सेवाशुश्रूषा करील, न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द करण्यात येईल.' पोटच्या पोरापुढे अट घालायची लाज वाटत असेल, तर बक्षीसपत्र करूच नये. मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक लागत नाही आणि ते हवे तेव्हा बदलता येते. आमच्या प्रतापनगरात एका बाईंना आपले घर बिल्डरकडे गेल्याचे फाटकावर पाटी लागल्यावर कळले. दस्तात अट नव्हती.

याच कायद्याने मुलांकडून महिन्याला जास्तीत जास्त 10 हजार रुपये निर्वाह मिळतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दिवसा एक, रात्री एक बाई ठेवून बघा, ते किती दिवस पुरतात. म्हणजे म्हातारपणी जोर राहतो तो घराचाच.

मुखत्यारपत्राचेही तसेच. "मुलाला करून ठेवलंय, पुढचं तो पाहील" असे ज्येष्ठ नागरिक मंडळात जो तो सांगतो. करार अधिनियमाच्या कलम 201 प्रमाणे देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारपत्र संपते. स्मृतिभ्रंश झाला, म्हणजे खरी गरज पडली, की तो कागद निरुपयोगी. मग त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालय गाठा. निदान बँक खाते तरी शुद्धीत असताना दोघांच्या नावाने, 'कोणीही एक किंवा हयात' असे करून घ्यावे.

हे सांगणारा वकील फुकट मिळतो, हेही कोणाला ठाऊक नसते. विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, इतरांना साधारणपणे वर्षाला 3 लाखांची, फोन 15100. ज्येष्ठांसाठी 2016 ची वेगळी योजनाही आहे. पण पेन्शनरांनी सिव्हिल लाइन्सला येऊन प्राधिकरणाची खोली शोधावी ही अपेक्षा कशाला? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने आठवड्यातून एक दिवस पॅनेलवरचा वकील शहरातल्या रजिस्ट्री कार्यालयांत बसवावा आणि साठीपुढच्या माणसाचे बक्षीसपत्र सहीपूर्वी त्याने वाचून दाखवावे. मुलाला बाहेर बसवून.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी, प्रतापनगर, नागपूर
(कृपया नाव छापू नये.)