उंची त्याची, पाय शिकलेले

चि. अद्वैत,
अनेक आशीर्वाद.

"झॅक ईडीला काय, सात फूट चार इंच उंची, हात वर केला की बास्केट," असं तू परवा फोनवर म्हणालास. अमेरिकेत ज्या पर्ड्यू विद्यापीठाकडून तो बास्केटबॉल खेळला, तिथेच शिकून असं बोलतोस, म्हणून जास्त राग आला. उंची कामाची नाही असं मी म्हणणार नाही. शाळेच्या संघाच्या निवडीला पोरं रांगेत उभी राहिली की माझीही नजर आधी उंच पोरावरच जाते. पण ईडी टोरांटोत वाढला तो आइस हॉकी आणि बेसबॉल खेळत. बास्केटबॉल धरला हायस्कूलात गेल्यावर. पर्ड्यूच्या पहिल्या वर्षी त्याची सरासरी सामन्याला 9 गुणांच्याही आत होती, शेवटच्या वर्षी 25च्या वर गेली. तेवढ्यात उंची काही तिप्पट झाली नाही.

मग वाढलं काय? एकदा चेंडू सोडून नुसते त्याचे पाय बघ. पास यायच्या आधीच तो बास्केटपाशी जागा धरतो, अडवणाऱ्याला पाठीवर घेतो. चेंडू आला की एक पाऊल, वळण आणि हुक, म्हणजे एका हाताने डोक्यावरून सोडलेला शॉट. मधल्या वेळात चेंडू छातीखाली येऊ देत नाही, आला की एखादा बुटका गार्ड खालून उडवणारच. आमच्या शाळेतल्या उंच पोरांना नेमकं हेच जमत नाही. चेंडू मिळाला रे मिळाला की टप्पा टाकतात.

2024ची अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलची फायनल आपल्याकडे ऐन पाडव्याच्या सकाळी होती. गुढी उभारायची सोडून मी मोबाइल घेऊन बसले, बाबा चिडले ते वेगळंच. ईडीने 37 गुण केले, तरी पर्ड्यू 60-75 असं हरलं. समोरच्या कनेक्टिकटने त्याला अडवायला एका वेळी दोन खेळाडू फारसे घातलेच नाहीत. बहुतेक वेळ त्यांचा डोनोव्हन क्लिंगन एकटा त्याच्याशी झुंजत होता आणि बाकीचे पर्ड्यूच्या लांबून शॉट मारणाऱ्यांना चिकटून होते. अख्ख्या सामन्यात पर्ड्यूचा लांबून केलेला, तीन गुणांचा बास्केट एकच! ईडी गुणांवर गुण करतोय हे दिसत असताना आपली जागा न सोडणं, हे कुणी जन्माला येताना घेऊन येत नाही.

आता तुझी बाजूही मांडते. ड्यूक विद्यापीठाकडून एक मोसम खेळलेला झायन विल्यमसन. 129 किलोंचा देह आणि ती उडी! तसली उडी मी कुणाला शिकवू शकत नाही, कुठलाच कोच शिकवू शकत नाही. त्या मोसमात त्याचे 100पैकी 68 शॉट आत गेले. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, मात्र 64च्या आसपास. तिथे अडवायला कुणी नसतं आणि उडीचा काही उपयोग नसतो.

लांबून शॉट मारण्यात नाव काढलेल्या स्टेफ करीचं नाव तू घेशीलच. त्याचे वडील एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेले, तेव्हा वारसा होताच. पण हायस्कूलात असताना त्याच वडिलांनी त्याचा कमरेजवळून सुटणारा शॉट मोडून डोक्यावरून सोडायला लावला. त्या उन्हाळ्यात त्याला धड बास्केट होईना. एवढं करून मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाहीच, शेवटी डेव्हिडसन या लहानशा कॉलेजात गेला.

तुझं म्हणशील तर उडी बेताचीच आहे, मान्य. पण को-रेकमध्ये, तुमच्या त्या विद्यापीठाच्या क्रीडा केंद्रात, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा परत आलेला चेंडू) तुझ्या हातून जातो तो उडीमुळे नाही. शॉट सुटला की तू वर बघत उभा राहतोस. आधी मागचा माणूस शोध, कमरेत बसून त्याला अडव, मग चेंडू बघ. रविवारी खेळशील तेव्हा कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांग आणि पाठव. चेहरा नसला तरी चालेल, पाय दिसले पाहिजेत.

तुझी,
आई