होड्या सारख्या नसतात तेव्हा

प्रिय बाळ,

बँकेचं नेमणूकपत्र आल्यापासून तू मला एकच प्रश्न वेगवेगळ्या वाटांनी विचारते आहेस. अंग अजून साथ देत असताना शिडाच्या होड्यांच्या शर्यती सोडायच्या आणि इन्व्हेस्टमेंट बँकेत, म्हणजे कंपन्यांना बाजारातून भांडवल उभं करून देणाऱ्या बँकेत, सगळ्यात खालच्या पायरीवर ॲनालिस्ट म्हणून उभं राहायचं, ही माघार आहे का? मी फोनवर म्हणाले, नाही. उत्तर आजही तेच आहे, पण त्यामागचं सगळं सलग सांगायचं तर लिहायलाच हवं.

आधी कॉर्नेलियस शील्ड्सबद्दल सांगते. हा अमेरिकन माणूस १८९५ साली जन्मला. शील्ड्स अँड कंपनी ही त्याची गुंतवणूक बँक. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंड या खाडीच्या पाण्यात त्याच्याइतकी दहशत असलेले सुकाणूधारी फार थोडे होते. १९५२ मध्ये उत्तर अमेरिकेच्या अजिंक्यपदासाठी मॅलरी करंडक पहिल्यांदा ठेवला गेला आणि तो यानेच जिंकला. तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. पुढच्या वर्षी 'टाइम' साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर घेतलं. म्हणजे बँकेत गेलेला माणूस पाण्याला पारखा होतोच असं नाही. अर्थात त्याच्या बँकेच्या दारावर त्याचंच नाव होतं. तुझी पहिली काही वर्षं रात्री उशिरापर्यंत सादरीकरणं दुरुस्त करण्यात जातील आणि शनिवार-रविवारही तुझे असतीलच असं नाही. हे आधीच मनाशी पक्कं कर.

पण शील्ड्स मला आठवतो तो करंडकासाठी नव्हे. त्याचा ध्यास वेगळाच होता. त्याला सगळ्यांच्या होड्या सारख्या हव्या होत्या. नॉर्वेच्या ब्यार्ने आसने रेखाटलेली एक देखणी होडी त्याने पाहिली आणि १९३६ मध्ये तसल्याच एकसारख्या होड्यांचा ताफा बनवून घेतला. तोच इंटरनॅशनल वन डिझाइन वर्ग. पुढे साठच्या दशकात ओलिन स्टीफन्सकडून त्याने आणखी एक होडी रेखाटून घेतली. ती त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि तसल्या कितीतरी होड्या त्याने नाविक अकादम्यांना देऊन टाकल्या. मोठ्या पैशाची होडी लहान पैशाच्या होडीला हरवते यात त्याला कसलीच मजा वाटत नसे. होडी तीच, शीड तेच, डोलकाठी तीच. मग जो पुढे जाईल तो खरा. ज्याच्याकडे हवी तेवढी महाग होडी घेण्याइतका पैसा होता त्यानेच हा आग्रह धरावा, याचं मला फार कौतुक आहे.

तू अशाच वर्गात वाढलीस. इल्का ६ या एकटीने चालवायच्या होडीच्या वर्गात सगळ्यांचा सांगाडा एक, शिडाचं क्षेत्रफळ एक. ऑलिंपिकमध्ये तर होड्याही आयोजकच पुरवतात. हरलीस तर दोष द्यायला होडी नाही आणि जिंकलीस तर श्रेय घ्यायलाही होडी नाही. तुझा स्वभाव यातून घडलेला आहे.

बँकेत होड्या सारख्या नसतात. माझं सगळं म्हणणं या एका वाक्याशी येऊन थांबतं.

मी कंपन्यांच्या हिशेब खात्यात आयुष्य काढलं. कंपनीचे शेअर पहिल्यांदा बाजारात आणताना बँकर मंडळी टेबलाच्या पलीकडे बसतात, तेव्हा अलीकडे आम्ही असायचो. त्यांच्याकडे काय असतं ते मी पाहिलंय. कोणत्या गुंतवणूकदाराने कोणत्या भावाला किती शेअर मागितलेत, त्याची वही त्यांच्या हातात असते. विकणाऱ्या कंपनीला भाव चढा हवा, घेणाऱ्या फंडाला उतरता हवा, आणि बँक दोघांच्या मधे. मोबदला कंपनीकडून मिळतो, पण कंपनी बाजारात येते एकदाच. ते फंड मात्र बँकेशी रोज व्यवहार करतात. कोणाकडे झुकायचं हा मोह त्या रचनेतच बसवलेला आहे. त्यासाठी कोणी वाईट माणूस असावं लागत नाही. मी त्या टेबलावर अतिशय सचोटीची माणसंही पाहिली. भाव ताणू नका, लोक पहिल्याच दिवशी पोळतील, असं आमच्या संचालकांना तोंडावर सांगणारी. त्यांच्यामुळेच तुला या धंद्यात जाऊ द्यायला माझं मन तयार होतं.

मुलाखतीत त्यांनी तुला विचारलं, शर्यतींनी काय शिकवलं? आणि तू म्हणालीस, जोखीम घ्यायला. सगळे खेळाडू हेच सांगत असणार. मला वाटतं तुझ्याकडे याहून दुर्मीळ गोष्ट आहे. बहुतेक खेळांत शिट्टी वाजवायला पंच असतो. तुमच्या ताफ्याच्या शर्यतीत प्रत्येक बोयापाशी, म्हणजे वळणाची खूण म्हणून पाण्यात तरंगणाऱ्या पिंपापाशी, पंच उभा नसतो. पोर्ट टॅकवर, म्हणजे वारा डावीकडून घेत असताना, स्टारबोर्डवाल्याची, म्हणजे वारा उजवीकडून घेणाऱ्याची, वाट अडवली की स्वतःच बाजूला व्हायचं आणि दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या. बोयाला होडी घासली तर एक गिरकी. कुणी पाहिलं असो वा नसो. तुमच्या नियमांच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की नियम पाळणं आणि पाळायला लावणं हे स्पर्धकांचंच काम. भर शर्यतीत, मागून दहा होड्या अंगावर येत असताना, तू गिरक्या घेताना मी किनाऱ्यावरून दुर्बिणीतून पाहिलंय. प्रत्येक वेळी पोटात तुटायचं. आणि अभिमानही वाटायचा.

आता बँकेतली गिरकी कशी असते ते बघ. तू एका कंपनीचं मूल्यांकन करशील. पुढच्या वर्षी शंभर रुपये हाती येतील, ते दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढत राहतील आणि परताव्याचा दर दहा टक्के, असं धरलं तर आजची किंमत निघते साधारण १,४२९. तिनाच्या जागी चार टाक. किंमत होते १,६६७. एका आकड्यात किंमत सहाव्या हिश्शाने वर. रात्री दोन वाजता कुणीतरी वरिष्ठ सहज म्हणेल, 'चार धरून बघ ना, आकडा जरा कमी येतोय.' कधी चार हाच बरोबर आकडा असेल, त्याला आधार असेल; मग खुशाल धर. आधार नसेल तर तो बोयाला घासल्याचा क्षण. फरक एवढाच की पाण्यावर चूक झाली की तिची किंमत तू तुझ्या क्रमांकाने मोजायचीस. इथे ती मोजेल निवृत्तीची पुंजी फंडात ठेवलेला एखादा माणूस, ज्याने तुला कधी पाहिलेलंही नसेल. म्हणून ही गिरकी पाण्यावरच्यापेक्षा अवघड आहे, आणि ती घेण्याची सवय असलेली माणसं तिथे हवीत असं मला मनापासून वाटतं.

वाऱ्याचंही एक सांगायचंय, कारण तू म्हणालीस की बाजार वाचणं वारा वाचण्यासारखंच असेल. थोडंसं. पाण्यावरची काळसर लहर पाहून तू उजवीकडे गेलीस म्हणून वारा काही आपली दिशा बदलत नाही. बाजारात सगळे ज्या बाजूला धावतात ती बाजू त्यांच्या धावण्यानेच महाग होते. तुझा अंदाज बरोबर ठरूनही हात रिकामे राहू शकतात. हे पचवायला तुला वेळ लागेल.

शरीराचं बोलल्याशिवाय आईचं पत्र पुरं कसं होणार? शील्ड्सला हृदयविकार झाला होता आणि डॉक्टरांनी शर्यतींना मनाई केली होती. तरी १९५८ मध्ये अमेरिकाज कप या होड्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या निवड शर्यतींत त्याने 'कोलंबिया'चं सुकाणू हाती घेतलं. त्याचा मुलगा त्याच होडीवर होता. कोलंबियाची निवड झाली आणि तिने ब्रिटिश 'सेप्टर'ला ४-० हरवलं. लोक ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगतात. मला त्या मुलाचं काय झालं असेल तेच आठवतं. होडीच्या कडेवरून बाहेर झुकून कमावलेल्या तुझ्या मांड्या आता रोज पंधरा-पंधरा तास खुर्चीत असतील. दमणं तुला माहीत आहे, पण हे दमणं वेगळं, यात घाम नसतो आणि म्हणून ते कळत नाही. झोप सोडू नकोस. कुणाला जागण्याचा अभिमान वाटत असेल तर वाटू दे.

पहिलं वर्ष वाईट जाईल, बहुधा. तू सगळ्यांत पुढे असायला सरावलेली आहेस आणि तिथे तुझ्याहून लहान मुलं कोष्टकं झरझर भरतील. तेव्हा डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉम या शर्यतपटूचं १९४८ साल आठव. वीस वर्षांचा पोरगा, पहिलं ऑलिंपिक, इंग्लंडमधल्या टॉर्कीचं पाणी. पहिल्या शर्यतीतून तो अर्ध्यातच बाहेर पडला. मधल्या शर्यतींत एकदा बारावाही आला. शेवटच्या दोन्ही जिंकल्या आणि सुवर्ण घेऊन गेला. मग सलग आणखी तीन ऑलिंपिक सुवर्णं. सात शर्यतींची मालिका होती म्हणून ते जमलं. तुझीही मालिकाच आहे, एक शर्यत नव्हे.

तुझी होडी विकायची घाई करू नकोस, असं बाबा म्हणतात. मला मात्र वाटतं की ती क्लबमधल्या त्या नव्या मुलीला वापरायला द्यावी. तिच्याकडे स्वतःची नाही आणि ती अजून भाड्याच्या, खराब झालेल्या होडीत इतरांमागे राहते. तिला सारखी होडी मिळू दे. निर्णय तुझा. रुजू व्हायची तारीख नक्की झाली की कळव, आणि त्याआधी घरी चार दिवस राहून जा.

तुझी,
आई