डेटा सायन्सला बीएवाली पोरं का चालत नाहीत?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात सध्या डेटा सायन्सच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मोठ्या आकडेवारीचा अभ्यास करायच्या कोर्सच्या जाहिराती सारख्या दिसतात. खाली बारीक अक्षरात पात्रता असते, बीई, बीसीए, बीएस्सी, नाहीतर बारावीला गणित पाहिजे. बीए झालेल्याचं नाव कुठंच नसतं. मी विट्याची, समाजशास्त्रात एमए केलंय आणि जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. काही वर्षांपूर्वी मीपण असाच एक फॉर्म भरला होता, फी भरायच्या आदल्या दिवशी फोन आला की मॅडम तुम्ही आर्ट्सच्या, तुमचं होणार नाही. नंतर मुंबईत एका ठिकाणी सामाजिक संशोधनासाठीचा डेटा सायन्सचा पीजी कोर्स मिळाला, तिथं आर्ट्सवाल्यांना घेत होते म्हणून माझं जमलं. पण मी शिकवते त्या पोरांना मुंबईत राहणं परवडत नाही आणि मुलींना तर घरातनं सोडतच नाहीत, म्हणून हे पत्र लिहितेय.

त्या कोर्सच्या आधी दोन वर्षं मी सर्व्हेचं काम करायचे, टॅब घेऊन आटपाडी, जतच्या गावांतनं घरोघर फिरायचं. आटपाडी तालुक्यातल्या एका वस्तीवरची बाई अजून डोळ्यांपुढं आहे. सकाळची वेळ, ती नुकतीच म्हशीची धार काढून उठलेली, हातात दुधाची किटली, पदराला कडब्याचा भुसा चिकटलेला. मी विचारलं तुम्ही काय काम करता, तर म्हणाली, "मी काय करतीय बाई, घरीच असती." दोन म्हशी, चार शेळ्या, त्यांची वैरण, रोजचं डेअरीला दूध घालणं सगळं तिच्याकडंच, फक्त डेअरीचं कार्ड नवऱ्याच्या नावावर. ती म्हणाली तसा मी कोड टाकला, ९२. सर्व्हे खासगी संस्थेचा होता पण कोड सरकारी रोजगार सर्व्हेचेच होते, त्यात ९२ म्हणजे फक्त घरकाम, ९३ म्हणजे घरकाम आणि सोबत सरपण, वैरण गोळा करणं, शिवणकाम असलं घरापुरतं काम, आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्याला २१. ती बाई खरं तर २१ होती. आमचं ट्रेनिंग दीड दिवसाचं, त्यात हे नीट कुणी समजावलं नाही आणि दिवसाला दहा फॉर्म पूर्ण करायचे होते. अशा किती बायकांना मी ९२ करून टाकलं असेल याची मला आजही रुखरुख लागते.

पुढं मुंबईत वर्गात असाच डेटा स्क्रीनवर आला. माझ्या शेजारी बसणारा मुलगा इंजिनिअर, कोडिंग इतकं भराभर करायचा की मी बघतच बसायचे, त्यानं तासाभरात सुंदर ग्राफ काढला आणि खाली लिहिलं की दुष्काळी भागातल्या बायकांचा कामातला सहभाग कमी आहे. त्याचं गणित बरोबरच होतं हो, पण त्यानं ती किटली बघितली नव्हती. मी बघितली होती, पण मला तेव्हा साधी फाईल उघडता येत नव्हती. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की ही दोन्ही एका माणसात आली पाहिजेत, आणि इंजिनिअरला गाव शिकवण्यापेक्षा गावातल्या पोराला कोडिंग शिकवणं सोपं आहे, हे मी स्वतःच्या अनुभवावरनं सांगते. पहिले तीन महिने फार जड गेले, रोज रडायचे, मग हळूहळू हात बसला.

लोकांना वाटतं यात फार पैसा लागतो, तसं नाही. आर आणि पायथन या कोडिंगच्या दोन्ही भाषा फुकट आहेत. रोजगाराचा सरकारी सर्व्हे, जो २०१७ पासून चालू आहे, त्याची घरनिहाय फाईल नावं वगळून सांख्यिकी मंत्रालयाच्या साईटवर फुकट मिळते, कुटुंब आरोग्य सर्व्हेचाही डेटा नाव नोंदवून मागितला की मिळतो. शिकायला लागतं ते ती फाईल वाचणं. तिथं प्रत्येक घराला एक वजन दिलेलं असतं, म्हणजे निवडलेलं हे एक घर खरं किती घरांच्या वतीनं बोलतंय तो आकडा. पहिल्या प्रोजेक्टला मी ते वजन न लावताच टक्केवारी काढली आणि सरांनी अख्खं प्रकरण परत पाठवलं. आमच्या एमएच्या पुस्तकात नमुना निवडीच्या पद्धती पाठ करायला असतात, पण पोरगं एकदाही खरी फाईल उघडत नाही, आणि डेझर्टेशनला पन्नास प्रश्नावल्या भरून एक्सेलमध्ये पाय चार्ट काढला की झालं. एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर १९६८ मध्ये निघालं ते मुळात सामाजिक शास्त्रांसाठीच, स्टॅटिस्टिकल पॅकेज फॉर द सोशल सायन्सेस असं नावातच आहे, मग हे विषय फक्त सायन्सवाल्यांचे कधीपासून झाले?

आता आमच्या विट्याचंच बघा. खानापूर, आटपाडीतली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात, सोनं चांदी गाळायला देशभर पसरलेली. गावातल्या घरात म्हातारा म्हातारी, नाहीतर कुलूप. बऱ्याच सर्व्हेंत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहणारा माणूस घरच्या यादीत धरत नाहीत. मग त्या म्हाताऱ्याच्या घरात कमावतं कुणीच नाही असं फाईलीत दिसतं, आणि बाहेर मात्र मुलानं बांधलेला दोन मजली बंगला उभा असतो. हे ज्याला माहीत नाही तो त्या ओळीला चूक समजून डिलीट करणार, आणि माहीत असलेला विचारणार की पाठवलेल्या पैशाचा प्रश्न फॉर्ममध्ये आहे का.

जातीचंही तसंच होणार आहे आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. येणाऱ्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तीत जातही विचारणार आहेत. २०११ च्या सामाजिक आर्थिक जात गणनेचं काय झालं ते केंद्र सरकारनंच २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलंय, एकट्या महाराष्ट्रात ४,२८,६७७ जाती नोंदवल्या गेल्या, अधिकृत यादीत होत्या ४९४. एकाच जातीचं स्पेलिंग प्रत्येक प्रगणकानं वेगळं लिहिलं हे त्याचं एक मोठं कारण. कुठली पोटजात, कुठलं आडनाव आणि कुठली नुसती काना मात्रेची चूक हे मशीन थोडंफार जुळवून देईल, पण शेवटी बसून ठरवायला मराठी आणि इथला समाज जाणणारा माणूसच लागणार ना? तो माणूस आपण कुठं तयार करतोय? तीच गत जुन्या सरकारी कागदांची, श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटमध्ये टाईप केलेली फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीत, न आणता उघडली की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते, हे काम तर मराठी येणाऱ्याशिवाय कुणी हातातही घेणार नाही.

आणि हे आपल्या मातीला नवीन नाही. शास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्याच्या बुध गावचे, जन्म १९११ चा. तलाठी, कृषी सहायक शेतात येऊन मापाचा तुकडा आखून पीक कापतात, त्या पीक कापणी प्रयोगामागची नमुना पद्धत बसवण्यात त्यांचं मोठं काम आहे, पुढं ते १९५१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचं काम बघत होते. पुण्याच्या गोखले संस्थेनं स्वातंत्र्याच्या आधीच वाई तालुक्यातल्या शेतीचा सर्व्हे केला होता. खटावचा माणूस जगाच्या भुकेचे आकडे मांडू शकतो तर आज जतच्या, माणच्या बीए झालेल्या पोरीला डेटा झेपणार नाही हे कुणी ठरवलं?

शिवाजी विद्यापीठाला आणि साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाला माझी कळकळीची विनंती आहे की समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल कुठल्याही विषयातल्या बीएवाल्यांसाठी सामाजिक संशोधनाचा डेटा सायन्स पीजी कोर्स सुरू करा. गणिताची अट घालू नका, त्याऐवजी पहिले दोन महिने दहावीच्या गणितापासून सुरुवात करा. शिकवणं मराठीत, कोड इंग्रजीत राहू दे, काही बिघडत नाही. आणि एक सेमिस्टर गावात राहून स्वतः फॉर्म भरण्याचं ठेवा, ते मात्र सोडू नका, कारण स्वतः चुकीचा कोड टाकल्याशिवाय दुसऱ्याच्या आकड्यावर शंका घ्यायला माणूस शिकत नाही.

आमच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब शनिवारी दुपारी मोकळी असते, प्राचार्यांची परवानगी घेऊन मी एमएच्या अकरा मुलामुलींना घेऊन तिथं बसते. त्यातल्या एकीनं, घरचं शेळ्यांचं खांड सांभाळून येणाऱ्या, मागच्या महिन्यात फाईलीतल्या ९२ आणि ९३ वाल्या बायका वेगळ्या काढल्या आणि त्यांच्या घरात शेती किती ते लावून बघितलं, आणि मला म्हणाली, मॅडम यात माझी आई कुठल्या ओळीत असंल? दोन वर्षांच्या मराठी नोट्स माझ्याकडं तयार आहेत, जे विद्यापीठ कोर्स काढेल त्याला मी त्या अशाच देईन.

आपली,
एक तासिका प्राध्यापिका, विटा, जि. सांगली