‘हात ठेवा इथं’ म्हणणाऱ्या मिस्त्रीभाऊंना

मिस्त्रीभाऊ, नमस्कार.

तुमचं नाव इथे टाकत नाही. पैसे देताना मी म्हटलं होतं की तुमच्याबद्दल लिहीन, तेव्हा तुम्ही म्हणालात, "लिहा ताई, पण नाव नका टाकू. गर्दी झाली की कामाकडं लक्ष राहत नाही." तुमचा शब्द पाळते. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. नवतप्यात, उन्हाच्या त्या सर्वांत कडक दिवसांत, तुमच्या गॅरेजच्या टिनाच्या शेडमध्ये घडलेली गोष्ट, आता पाऊस लागला तरी मनातून जात नाही.

तुम्हाला यातलं अर्धंच माहीत आहे. आधी काय काय झालं ते मी त्या दिवशी सांगितलं नव्हतं. सांगायला लागले असते तर तिथेच रडू आलं असतं.

बाबांचं डायलिसिस दिवाळीपासून सुरू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळची पहिली पाळी, म्हणजे पावणेसहाला नागपुरातल्या मानेवाड्याहून निघायचं. तुकडोजी पुतळा, मेडिकल, अजनीचा पूल, काँग्रेस नगर, धंतोली. चार तास मशीनवर, मग त्याच रस्त्याने परत. गाडी बाबांचीच, २०११ ची, एमएच-३१ पासिंगची, रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेली. वर्षानुवर्षं दर रविवारी स्वतः धुतलेली. आता ते बाजूच्या सीटवर बसतात, डावा हात मांडीवर उताणा ठेवून. त्या हातात डायलिसिसच्या सुयांसाठी केलेला फिस्टुला आहे. परतीच्या वाटेवर त्यांच्यात जीवच उरलेला नसतो, मान एका बाजूला कलते आणि खड्डा आला की दुखल्यासारखे डोळे मिटतात.

मार्चमध्ये दोन गोष्टी सुरू झाल्या. स्टेअरिंग जड होऊ लागलं. सकाळी गेटमधून गाडी काढताना दोन्ही हातांनी ओढावं लागे, आणि पूर्ण वळवलं की बॉनेटखालून कुंईऽऽ असा आवाज. आणि दुसरी म्हणजे बारीकशी टक-टक. स्पीड ब्रेकरवर, सिमेंट रोडच्या जोडावर, कधी नुसतं वळताना. ती कानाला कमी आणि तळहाताला जास्त कळायची. शिवाय सरळ रस्त्यावरही गाडी डावीकडे सरकायची, तिला सतत धरून ठेवावं लागायचं. अजनीच्या पुलावर बाजूने बस चाललेली असताना गाडी अशी सरकली की पोटात गोळा यायचा.

तीन ठिकाणी दाखवली. पहिल्या ठिकाणी पॉवर स्टेअरिंगच्या डब्यात ऑइल भरून दिलं आणि "सिमेंट रोडचा आवाज आहे मॅडम, सगळ्यांच्याच गाडीत येतो" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन मोजून सरळ करणं, ते करून दिलं, वीस दिवसांनी पुन्हा करून दिली, दोन्ही वेळा पैसे घेतले, आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत गाडी डावीकडे. तिसरं ठिकाण मोठं, काचेचं, एसी असलेलं. तिथे मला कॉफी दिली आणि एक छापील कागद दिला. स्टेअरिंगची रॅक असेम्ब्ली आणि पंप बदलायचे, मजुरीसकट ४२,००० रुपये. मी विचारलं, याने टक-टक जाईल का? तर, "ते तुम्हाला वाटत असेल."

मी घरी गाडीखाली एक पुठ्ठा घालून ठेवला होता, ऑइल नेमकं कुठून गळतं ते कळावं म्हणून. तो लाल डागांचा पुठ्ठा मी सोबत नेला होता. तिथल्या माणसाने तो हातात घेतला, न पाहता कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाला, "घरी मिस्टर किंवा भाऊ असतील तर त्यांना पाठवा मॅडम, त्यांना नीट समजावून सांगतो."

घरी भाऊ नाही. मिस्टर नाहीत. मी आहे.

‘वाटत असेल’ हे ४२,००० पेक्षा जास्त लागलं, आणि ते का, तेही सांगते. फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर ऑपरेशन करून जोडलेली असते. त्या जागी बोटं ठेवली की कातडीखाली सारखी थरथर लागते, मांजर गुरगुरतं तशी. डॉक्टर तिला थ्रिल म्हणतात. ती रोज तपासायची असते. एखाद्या दिवशी लागली नाही तर रक्त गोठून वाट बंद झालेली असू शकते, मग तडक दवाखाना. आमच्या घरी ते काम माझं. बाबा उठले की एकदा आणि झोपायच्या आधी एकदा, दोन बोटं ठेवते, डोळे मिटते. दिवाळीपासून एकही दिवस चुकला नाही. त्या बोटांच्या भरवशावर मी रात्री निर्धास्त झोपते. आणि त्याच हातांना काय कळतंय ते मी सांगत होते, तर समोरचा म्हणत होता, वाटत असेल.

तुमचा पत्ता बाबांच्या शेजारच्या बेडवरच्या काकांच्या मुलाने दिला. मंगळवारी डायलिसिस आटोपून थेट तुमच्याकडेच आले, बाबा गाडीतच. साडेअकराचं ऊन, शेडमध्ये लोखंडाला हात लावता येत नव्हता. तुम्ही आधी कूलर ओढून त्याचं तोंड बाबांकडे केलं, मग माझ्याकडे वळलात. बॉनेट उघडलं नाही. म्हणालात, "काय होते, सुरवातीपासून सांगा."

मी सांगितलं. तुम्ही मधे एकदाही बोलला नाहीत. नवा पुठ्ठा मी भीत भीतच पुढे केला, तर तुम्ही तो उजेडात धरून विचारलंत, "याचं पुढचं तोंड कोणीकडं होतं?" मी कोपऱ्यात बाण काढून ठेवला होता. तो पाहून तुम्ही मान हलवलीत. मला तिथेच अर्धं बरं वाटलं.

मग तुमचा तो विशीतला पोट्टा स्टेअरिंगवर बसला, पुढचं चाक जरा बाहेर वळवलं, तुम्ही चाकामागे हात घातला आणि त्याला हलवायला सांगितलं. तुम्हाला तर पहिल्याच झटक्यात कळलं असणार. उठून, हात पुसून, "टाय रॉड गेले ताई, बदलावे लागतील" एवढं म्हटलं असतं तरी मी मानलं असतं, पैसे दिले असते. पण तुम्ही तसं केलं नाही. बाजूला सरकलात, जमिनीवर एक पोतं दुमडून टाकलं आणि म्हणालात, "या ताई, बसा. हात ठेवा इथं."

मी बसले. चाकाच्या मागे, जिथे दांड्याचं टोक चाकाला जोडलेलं असतं, तिथे तुम्ही बोट दाखवलं. रबराचा बूट फाटून लोंबत होता, आतलं ग्रीस वाळून त्यात वाळू बसलेली. मी दोन बोटं ठेवली. अगदी बाबांच्या हातावर ठेवते तशी, न दाबता.

"हलव रे. जरासंच."

टक.

तोच. तीन महिने तळहातात येत होता तोच ठोका, आता उगमापाशी बोटाखाली. पोट्ट्याने पुन्हा हलवलं, पुन्हा टक. तुम्ही विचारलं, "हाच न?" मी म्हटलं, "हाच." आणि तुम्ही म्हणालात, "तुमी बरोबर सांगून राहिल्या होत्या."

भाऊ, हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. माझे डोळे भरले होते ते तुम्ही पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून दुसऱ्या चाकाकडे गेलात, त्यासाठीही आहे.

नंतर तुम्ही जे समजावलंत ते मी घरी जाऊन बाबांना जसंच्या तसं सांगितलं. स्टेअरिंग फिरवलं की रॅक डावी-उजवीकडे सरकते, रॅक दोन्ही बाजूंचे दांडे, म्हणजे टाय रॉड, ढकलते, दांडे चाकं वळवतात. प्रत्येक दांड्याच्या टोकाला वाटीत बसलेला गोळा असतो, आपल्या खुब्यात असतो तसा. बूट फाटला की धूळ-पाणी आत जातं, ग्रीस जातं, आणि गोळा वाटीत खुळखुळायला लागतो. मग चाक थोडं स्वतःच्या मनाने चालतं. म्हणून टायर आतल्या कडेला खरवडल्यासारखं झिजलं होतं, आणि म्हणूनच दोनदा केलेली अलाइनमेंट टिकली नाही. सांधाच ढिला असताना मोजून काय उपयोग होणार होता? हे त्या मोजणाऱ्याला दिसायला हवं होतं. चाक हलवून पाहायला एक मिनिट लागतं.

मी जडपणाबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते ऐकून अंगावर काटा आला. "पॉवर गेली तरी गाडी वळते ताई, जड वळते एवढंच. हा गोळा वाटीतून निसटला तर त्या चाकावर आपला ताबाच नाही." मला अजनीचा पूल आठवला, आणि बाबांचा मांडीवरचा हात. तीन ठिकाणी सगळे जडपणामागे लागले होते, आणि ज्याने जीव गेला असता त्या टक-टकीला ‘वाटत असेल’ म्हणत होते.

पुढचं काम तुम्हाला माहीतच आहे, ते लांबवत नाही. दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड, म्हणजे दांड्यांची चाकाकडची टोकं, डावीकडचा रॅक एंड, म्हणजे रॅककडचं टोक, दोन्ही बूट. गळती प्रेशर पाइपच्या जोडातून होती, आणि बेल्ट ढिला होऊन काचेसारखा गुळगुळीत झाला होता. तुम्ही रॅक पुसून कोरडी करून दाखवलीत, "ही चांगली आहे, कायले बदलता?" आणि पंपाबद्दल म्हणालात, "त्याले काही झालं नाही. ऑइल कमी, हवा जास्त. उपाशी चालून राहिला बिचारा, म्हणून ओरडते." नवा पाइप, नवा बेल्ट, नवं ऑइल, हवा काढली, कुंईऽऽ गेलं. शेवटी अलाइनमेंट. सगळं मिळून ७,४०० रुपये, आणि गुरुवारी पहाटे गाडी लागेल म्हणून बुधवारी रात्री नऊपर्यंत तुम्ही दोघं थांबलात.

जुना टाय रॉड एंड तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिलात. आधी नवा हलवायला लावला होता, तो दोन्ही हातांनी जोर लावल्यावर जेमतेम हलला. जुना नुसता उचलला तरी त्याचा गोळा आपल्या वजनाने इकडून तिकडे पडत होता. तो अजून माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. ते कॉफीचं ठिकाण रस्त्यात लागतं तेव्हा वाटतं, आत जाऊन टेबलावर ठेवावा. जात नाही. वेळही नसतो.

बाबांच्या युनिटमध्ये एक टेक्निशियन आहे. सुई टोचण्याआधी तो दर वेळी बाबांना विचारतो, "आज कसं वाटते काका, कुठं दुखते का?" मशीनवर आकडे दिसत असतात, तरी विचारतो. बाबा कुरकुरे आहेत, पण त्याच्या हातून सुई टोचून घेताना गप्प असतात. तुम्ही दोघं मला एकाच घरातले वाटता. लोक मला विचारतात, मिस्त्री प्रामाणिक आहे का, म्हणजे त्यांना बिलाचं विचारायचं असतं. बिल तर चोख होतंच. पण मी त्यांना सांगते, तो ऐकतो. गाडी रोज चालवणाऱ्याला गाडीचं काही कळत असेल हे तो धरून चालतो, मग चालवणारी बाई असो, म्हातारा असो की ऑटोवाला. तुमच्या हाताखालचा तो पोट्टा हेच पाहत शिकतोय. उद्या तो स्वतःचं गॅरेज टाकेल, तेव्हा त्याच्याकडे येणाऱ्या बायकांना घरून कुणा पुरुषाला बोलावून आणावं लागणार नाही, याचा मला आतापासून आनंद आहे.

त्याला माझा निरोप सांगा. माझ्या हाताला लागलेलं काळं ग्रीस निघेना, तेव्हा त्याने धुण्याची पावडर आणि लाकडाचा भुसा मिसळून दिला होता. तो उपाय मी आता घरी ठेवला आहे.

त्या गुरुवारी पावणेसहाला निघालो. मेडिकलच्या वळणावर स्टेअरिंग एका हाताने फिरलं. स्पीड ब्रेकर आला, मी श्वास धरला, काहीच नाही. पुलावर गाडी सरळ गेली. बाबा म्हणाले, "थांब, पुन्हा एकदा फिरव." धंतोलीत पार्किंगच्या जागेवर मी उभ्या गाडीत त्यांच्यासाठी उगाच डावीकडे-उजवीकडे फिरवून दाखवलं. त्यांनी आपला चांगला हात पुढे करून स्टेअरिंगवर ठेवला, थोडा वेळ तसाच, आणि म्हणाले, "मिस्त्री चांगला भेटला."

५०० किलोमीटर झाले की एकदा दाखवायला आणा म्हणाला होतात. आज ४८० झालेत. सोमवारी मशीन नसतं, त्या दिवशी सकाळी येते. बाबाही येतो म्हणताहेत.

तुमची,
मानेवाड्याची ताई