जुन्या गाडीची ‘फटफट’ वेल्डिंगने जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की कोकणात वर्षभर शेडमध्ये झाकून ठेवलेल्या पद्मिनी, अँबेसिडर बाहेर निघतात. गाडी सुरू केली की बॉनेटखालून ‘टिक्‌ टिक्‌’ येते आणि रेस दिली की ‘फट फट’. मग सायलेन्सर फुटला असे म्हणत गाडी वेल्डिंगवाल्याकडे जाते. सायलेन्सर बहुधा शाबूत असतो. सुटलेला असतो तो मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा भाग) आणि डाऊन पाइप (तिथून खाली जाणारा नळ) यांच्यामधला जॉइंट. मॅनिफोल्ड बिडाचा. त्यावर साध्या रॉडने टाका मारला की थंड होताना शेजारूनच तडा जातो आणि जॉइंटमधल्या शंभर रुपयांच्या पॅकिंगचे काम मॅनिफोल्ड बदलण्यावर येते.

ओळखायला सोपे आहे. सकाळी थंड इंजिनावर आवाज मोठा आणि दहा मिनिटांत कमी, कारण लोखंड तापून फुगते व फट मिटते. जॉइंटच्या कडेला कोरड्या काजळीचा काळा पिसारा दिसतो. खात्री हवी असेल तर इंजिन थंड असतानाच जॉइंटवर साबणाचे पाणी लावावे, गाडी सुरू करावी आणि दुसऱ्याने मागचा पाइप जाड ओल्या फडक्याने दोन-तीन सेकंद दाबावा. गळती असेल तिथे फेस येतो. तापलेल्या बिडावर पाणी मात्र घालू नये.

पॅकिंग आपोआप जळत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी तयार होते. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या झाल्या तर ते पाइपातच साचते आणि आतून पत्रा खाते. बाहेरून खारा वारा असतोच. पण खरा गुन्हेगार बरेचदा दुसरीकडे असतो. सायलेन्सरचे हँगर रबर तुटलेले किंवा इंजिनाचे माउंटिंग (आधाराचे रबर) बसलेले असते. मग इंजिन हलले की सगळा झोला या एका जॉइंटवर येतो. माउंटिंग न बघता पॅकिंग बदलले तर महिनाभरात पुन्हा तेच.

काम करताना आदल्या रात्री आणि सकाळी, दोनदा, नटांवर गंज सोडवणारे तेल सोडावे. नट आधी किंचित आवळून मग सोडवावा. नाहीच हलला तर ज्योत नटावर द्यावी, स्टडवर (नट बसतो त्या आट्याच्या दांड्यावर) नव्हे, आणि त्याआधी तेल नीट पुसून घ्यावे. स्टड तुटलाच तर बरोबर मध्यावर पंचने खूण, आधी 3 आणि मग 5 मिलिमीटरचे ड्रिल, नंतर एक्स्ट्रॅक्टर (तुटका स्टड उलट फिरवून काढायचे हत्यार). त्याच्यावर जोर करू नये. तो आत मोडला तर कडक पोलादामुळे साधे ड्रिल त्याला शिवत नाही. जुन्या 1489 सीसी अँबेसिडरच्या इंजिनाचे आटे इंची, पद्मिनीचे मेट्रिक. 5/16 इंचाच्या स्टडवर 8 मिलीचा नट एक-दोन फेरे चढतो, मग अडकतो. तिथेच पाना रेटला की आटे गेले.

जुने पॅकिंग ॲस्बेस्टॉसचे असू शकते. ते ओले करून खरवडावे, हवेच्या प्रेशरने उडवू नये. फ्लँजवर (जॉइंटच्या सपाट कडेवर) सरळ पट्टी धरून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवावा. 0.2 मिलीहून जास्त फट दिसली तर नवे पॅकिंग घालून उपयोग नाही, फ्लँज घासून सपाट करावा लागतो. पॅकिंग तारेच्या जाळीवरचे ग्रॅफाइटचे घ्यावे, नट पितळी. लाल सिलिकॉन साधारण 300 अंशांपर्यंतच टिकते, एम-सील तर इथे लावूच नये. सायलेन्सर पेस्ट मागच्या सरकत्या जोडांसाठी ठीक. मागचे सगळे क्लँप ढिले करून पाइप आपोआप जागेवर बसू द्यावा, मगच फ्लँज आवळावा. नट आलटून पालटून, तीन हप्त्यांत. 8 मिलीला साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटर पुरे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना पुन्हा एकदा पाना लावावा. हे बहुतेक जण विसरतात.

आवाजापेक्षा मोठी गोष्ट धुराची. पावसात काचा बंद असतात, पेडलजवळच्या भोकांची रबरे गेलेली असतात आणि बॉनेटखालचा धूर तिथून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो. डोके जड होते, मळमळते. कुंभार्ली किंवा आंबा घाटात मुलांना असे झाले की ‘गाडी लागली’ म्हणून लिंबू हुंगायला देतात. गाडी जुनी असेल तर आधी बाजूला थांबवावी, सगळ्यांना खाली उतरवावे, मग लिंबाचे बघावे.

पीयूसीच्या कागदावर विसंबून चालत नाही. पुढच्या जॉइंटमधून धूर बाहेर येतो तशी अधूनमधून बाहेरची हवाही आत ओढली जाते, मागच्या टोकाला धूर पातळ होतो आणि मोनॉक्साइडचा आकडा उलट कमी दिसतो. तेव्हा पीयूसी केंद्रांनी अशा गाड्यांना नळी लावण्याआधी बॉनेट उघडून जॉइंटवर काजळी आहे का, एवढे पाहावे. मिनिटभराचे काम आहे.

— एक वाचक, चिपळूण