सूचना : अपघात झाल्यास कोऱ्या कागदावर सही नको

हिंगणा व बुटीबोरी एमआयडीसीतील सर्व सभासद बंधू-भगिनींना नमस्कार.

कामावर हाताला-पायाला इजा झाली की वॉर्डातच कोणीतरी थोडे पैसे आणि स्टॅम्प पेपर घेऊन येतं. सलाइन लागलेल्या माणसाचा अंगठा घेतात. कृपया असं होऊ देऊ नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यात टिकत नाही, पण नंतर झगडण्यात वर्षं जातात. नागपुरातलं मेडिकल असो की मेयो (दोन्ही सरकारी रुग्णालयं), डॉक्टरांना ‘कामावर लागलं’ असंच सांगा आणि केस पेपरवर तसं लिहिलंय ना, ते वाचून घ्या. ‘घरी पडलो’ अशी नोंद झाली की पुढचा दावा लंगडा पडतो. ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) विमा असेल तर लाभ तिथून मिळतात, नसेल तर भरपाई मालकाने द्यायची. दाव्याची मुदत 2 वर्षं.

रस्ता अपघातात मात्र घाई करा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्जाला कायद्याने 6 महिनेच दिले आहेत. धडक देऊन वाहन पळालं तरी गंभीर जखमीला 50 हजार, मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख मिळतात.

उपचारात हलगर्जी झाल्याचं वाटत असेल तर आधी रुग्णालयाकडून कागदपत्रं लेखी मागा. ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांत जाता येतं.

वकिलाच्या फीमुळे थांबू नका. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगारांना विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात चौकशी करा किंवा 15100 वर फोन लावा.