फोर्टातल्या कॅमेरेवाल्या काकांना

काका, स.न.वि.वि.

हिमाचलातल्या स्पितीहून परवाच परतले. रोल अजून लॅबमध्ये आहेत, पण पत्र आधीच लिहितेय. फोटो कसेही येवोत, तुमचा कॅमेरा एकदाही अडला नाही. जानेवारीत तिथल्या काझा गावी रात्री पारा उणे वीसच्याही खाली उतरतो. बरोबरच्यांचे मोबाईल खिशातून बाहेर काढले की मान टाकायचे.

तुमच्याकडे येण्याआधी ज्यांचे उंबरे झिजवले, त्यांनाही दोन शब्द. एका चकाचक दुकानात 'कडाक्याच्या थंडीत चालेल असा फिल्म कॅमेरा' म्हटल्यावर तिथल्या पोराने सगळ्यात महागडा, मोटरवाला पुढे केला. बॅटरी गारठली तर? "दोन ठेवा ना, मॅडम." दुसरे गृहस्थ म्हणाले, बाईमाणसाने एवढ्या थंडीत जायचंच कशाला? मी कॅमेरा विचारायला गेले होते हो, स्थळ नाही.

तुम्ही विकायची घाई केली नाहीत. थंडी किती, चालणार की गाडीने, एवढं विचारलंत आणि निकॉनचा एफएम टू काउंटरवर ठेवलात. खालची चकती फिरवून बटणसेल काढलेत नि म्हणालात, "आता दाब." खटाक! १९८२ साली आलेलं मॉडेल, १/४००० सेकंदापर्यंतचं शटर, आणि सगळं स्प्रिंगवर. सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरपुरते. ते मेले तरी फोटो निघतो. माझा प्रश्न तिथंच मिटला. जुनं वंगण थंडीत घट्ट झालं की शटर रेंगाळतं, म्हणून तुम्ही तो उघडून साफही करून दिलात. रोल हळू ओढ, गारठलेली फिल्म तुटते, आणि कोरड्या हवेत घाई केलीस तर स्थिर विजेच्या ठिणग्या फोटोवर उमटतात, हे तर इतक्यांदा बजावलंत की तिकडे लिव्हरला हात लावला की तुमचाच आवाज ऐकू यायचा.

पण हे पत्र खरं तर त्या चिकटपट्टीसाठी आहे. कॅमेरा हातात देताना मागच्या झाकणावर, बरोबर नाक टेकतं तिथं, तुम्ही जखमेवर लावतात तसली कापडी पट्टी लावली होतीत. चारी कोपरे कात्रीने गोल केलेले, हातमोज्यात अडकून सुटू नयेत म्हणून. "धातू नाकाला चावेल," एवढंच म्हणालात. तिथल्या 'की' नावाच्या गोंपाखाली, म्हणजे बौद्ध मठाखाली, माझ्या शेजाऱ्याने सकाळी त्याचा कॅमेरा डोळ्याला लावला आणि चटका बसल्यासारखा ओरडला. मी निवांत फ्रेम लावत होते.

बर्फ कधी पाहिला नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. बोरा बाजाराच्या घामट दुपारी पंख्याखाली बसून तुम्ही उणे वीसमधल्या माझ्या नाकाचा विचार केलात! बिलात पट्टी नव्हती, तिच्याबद्दल पुन्हा बोलणंही नाही. गिऱ्हाईक पायरी उतरलं की त्याचं नाव विसरणारी दुकानं मी ढीगभर पाहिलीत. गिऱ्हाईक जिथे जाणार तिथवर मनाने जाऊन येणारा दुकानदार पहिल्यांदाच पाहिला. अशी माणसं गाजावाजा करत नाहीत, म्हणून तो मी करतेय.

प्रिंट आल्या की घेऊन येते. लेन्सही आणीन, इथल्या दमट हवेत बुरशी धरायच्या आत एकदा बघून द्या. आणि या वेळी पैसे पूर्ण घ्यायचे, पट्टीचेसुद्धा.

तुमची,
एफएम टूवाली